ससा खात नसेल तर: नागपूरकर ससेपालकांचे नेहमीचे प्रश्न

एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीच्या आसपास हे प्रश्न सर्वांत जास्त येतात, बहुतेक रात्री दहानंतर. उत्तरं पाळलेल्या मोठ्या सशासाठी आहेत. पिल्लांचं गणित वेगळं असतं, त्यासाठी प्रश्न १८ पाहा. सशाची हालत आत्ता वाईट असेल तर आधी प्रश्न ५ आणि ६ वाचा, बाकीचं नंतर.

१. माझा ससा सकाळपासून काहीच खाऊन नाही राहिला. किती वेळ वाट पाहू?

त्याला सर्वांत आवडणारं पान नाकाशी धरा. झडप घालून घेतलं तर थोडा वेळ लक्ष ठेवायला हरकत नाही. हुंगून तोंड फिरवलं तर घड्याळ बघा. मोठ्या सशाच्या पोटात १० ते १२ तास काही गेलं नाही, किंवा तेवढ्या वेळात एकही लेंडी पडली नाही, तर ती इमर्जन्सी आहे. हे तास तुमच्या लक्षात आल्यापासून मोजायचे नाहीत, त्याने शेवटचं खाल्लं तेव्हापासून मोजायचे. सकाळी नऊला ऑफिसला गेलात आणि संध्याकाळी सातला आल्यावर पानं तशीच सुकलेली दिसली, तर दहा तास होऊन गेलेत. ‘सकाळी बघू’ म्हणायला वेळ उरलेला नाही.

२. आमचा कुत्रा दोन-दोन दिवस जेवत नाही, काही होत नाही. सशाचंच एवढं काय?

सशाचं आतडं दिवसरात्र चालू राहण्यासाठी बनलेलं आहे. ते चालतं चाऱ्यातल्या जाड तंतूंच्या जोरावर. वरून चारा येणं थांबलं की आतडं मंदावतं आणि आतला ऐवज पाणी सुटून घट्ट होतो. उंडुक नावाच्या मोठ्या पिशवीत कोट्यवधी जंतू चारा आंबवत असतात. त्यांचा समतोल बिघडला की गॅस धरतो, गॅसने पोट दुखतं आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. त्यात त्याला उलटी करता येत नाही, म्हणजे वरची वाटही बंद. लठ्ठ सशात आणखी एक धोका असतो: उपास पडला की अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृतच निकामी होऊ शकतं. म्हणून गुबगुबीत ससा उपाशी राहिला तर जास्त घाई करायची.

३. ओरडत नाही, रडत नाही. दुखतंय हे कळणार कसं?

ससा दुखणं लपवतो. शिकार होणाऱ्या प्राण्याचा तो स्वभावच आहे. त्यामुळे बसण्याकडे बघा. दुखणारा ससा कोपऱ्यात पाठीला पोक काढून बसतो, डोळे अर्धे मिटलेले, कान मागे पाडलेले. मध्येच पोट फरशीला दाबून लांब होतो, लगेच उठतो, जागा बदलतो, पुन्हा तेच. दात ऐका. लाडात आल्यावर हलकी कुरकुर येते ती ठीक. कडकड असा मोठा आवाज येत असेल तर ती कळ आहे. शेवटी कान हातात धरून बघा. थंडगार लागले तर पुढचं काहीही न वाचता निघा. भर मे महिन्यात कान थंड लागणं तर फारच वाईट.

४. लेंड्यांवरून नेमकं काय समजायचं?

निम्मं निदान पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं असतं. चांगली लेंडी वाटाण्याएवढी, गोल, कोरडी, आणि बोटाने चुरली तर आत नुसता गवताचा भुसा. लेंड्या लहान, काळ्या, वेड्यावाकड्या होऊ लागल्या की आतडं मंदावायला लागलंय. केसांनी एकमेकींत ओवलेल्या माळा आल्या तर अंगावरचे केस गळतायत आणि चारा कमी पडतोय. चिकट शेंबडासारखा पदार्थ आला तर डॉक्टर.

द्राक्षाच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या गोळ्या मात्र जुलाब नव्हेत. त्या उंडुकातून येतात. ससा त्या थेट गुदाजवळून तोंडाने उचलून खातो, बहुतेक पहाटे, आणि त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं मिळतात. खाऊ द्या, हाकलू नका. त्या रोज तशाच पडून राहत असतील तर पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या कांड्या) किंवा गोड जास्त होतंय, नाहीतर ससा लठ्ठ किंवा सांधे आखडलेला असून त्याचं तोंड तिथवर पोहोचत नाही.

५. डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत घरी काय करता येईल?

आधी पोट. दोन्ही हातांनी बरगड्यांच्या मागे अलगद चाचपून बघा. मऊ कणकेसारखं लागलं तर पुढे वाचा, फुग्यासारखं ताणलेलं असेल तर थेट प्रश्न ६.

मग ताप. सशाचं नेहमीचं तापमान फॅरनहाइटमध्ये साधारण १०१ ते १०४ असतं. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात जेमतेम शिरेल इतकंच घालायचं, तेही दुसऱ्या कोणी त्याला नीट धरलेलं असेल तरच. जमत नसेल तर झटापट करू नका, कानांवरून अंदाज घ्या. १०० च्या खाली असेल तर कोमट पाण्याची बाटली दुपट्ट्यात गुंडाळून कुशीला ठेवा. ऊब येईपर्यंत तोंडाने काही भरवू नका, थंड पडलेलं आतडं ते पुढे ढकलत नाही. उलट अंग तापलेलं असेल तर प्रश्न १०.

पाणी नळीच्या बाटलीऐवजी जड वाटीत ठेवा, वाटीतून ससे जास्त पितात. समोर ओला सांबार (म्हणजे कोथिंबीर), पुदिना, ताजी हरळी ठेवा. स्वतःहून एक काडी चघळली तरी ती सिरिंजच्या दहा घोटांपेक्षा मोलाची. टीव्ही, मुलं, कुत्रा लांब. अंगात त्राण असेल तर खोलीत थोडं फिरू द्या, हालचालीने गॅस सरकतो. पोट चोळण्याचे व्हिडिओ फिरत असतात. अडथळा नाही याची खात्री डॉक्टरांनी केल्याशिवाय ते करू नये असं माझं मत.

६. दुपारपर्यंत उड्या मारत होता, आता पोट टम्म आणि आडवा पडलाय. हे तेच का?

बहुधा नाही. आतडं मंदावणं हे एक-दोन दिवसांत हळूहळू होतं: आधी खाणं कमी, मग लेंड्या लहान, मग बंद. काही तासांत ससा एकदम कोसळला, पोट ताणलेलं, अंग गार, तर आतड्यात काहीतरी अडकल्याचा संशय घ्यायचा. हे बहुतेक वेळा केसांचा दाबलेला गोळा असतो. चघळलेलं कार्पेट, चादर किंवा प्लास्टिकही असू शकतं. अशा वेळी भरवणं आणि आतडं हलवणारी औषधं दोन्ही घातक ठरतात, कारण पुढची वाट बंद आहे आणि पोट फुटू शकतं. डॉक्टरांना एक्स-रे आणि रक्तातली साखर तपासायला सांगा. साखर माणसांच्या ग्लुकोमीटरवरही पाहता येते. ती ३६० च्या वर गेली असेल तर अडथळ्याचा संशय बळावतो. नुसत्या घाबरण्यानेही साखर वाढते, पण सहसा एवढी नाही.

७. सिरिंजने भरवू का? काय आणि किती?

पोट मऊ, अंग उबदार आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर नक्की. सशासाठी पाण्यात कालवायची तंतुमय पूड ऑनलाइन मिळते. एक पाकीट आधीच घरात असू द्या, रात्री अकराला ती कुठेच मिळत नाही. नसेल तर त्याच्या नेहमीच्या पेलेट कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून गंधासारख्या बारीक करा आणि पातळ करून गाळून घ्या. सेरेलॅक, दूध-पाव, वरणाचं पाणी, फळांची प्युरी यातलं काही नाही.

प्रमाण साधारण असं: दर किलो वजनाला एका वेळी १० ते १५ मिली, दिवसातून चार-पाच वेळा. पहिल्या खेपेला याच्या निम्मंच.

ससा उताणा धरायचा नाही, अन्न श्वासनलिकेत जातं. चारी पाय खाली, अंग दुपट्ट्यात गुंडाळलेलं, तोंड नेहमीसारखं समोर. पुढच्या दातांच्या मागे दाढांपर्यंत मोकळी जागा असते, तिथे बाजूने सिरिंजचं टोक सरकवा आणि अर्धा ते एक मिली सोडा. चावताना हनुवटी हलेल. ती थांबली की पुढचा घोट. मान झटकली, नाकातून बाहेर आलं, तर थांबा.

८. मेडिकलमधून काही आणू का? आई म्हणते ओवा-हिंगाचं पाणी दे.

आईंना नमस्कार सांगा, पण नको. एरंडेल, ग्राइप वॉटर, सोडा हेही नको. अननसाच्या रसाने पोटातले केस विरघळतात हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. केस विरघळत नाहीत, साखर तेवढी पोटात जाते.

मुख्य धोका अँटिबायोटिकचा. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन किंवा लिंकोमायसिन तोंडाने दिलं तर सशाच्या उंडुकातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा दगावू शकतो. घरातल्या बाळाचं उरलेलं सिरप म्हणून कधीही वापरू नका. तसंच गोचिडांसाठी कुत्र्यांच्या मानेवर लावतात ते फिप्रोनिलचं औषध सशाला विषारी आहे. ‘कुत्र्याला चालतं तर याला का नाही’ म्हणून लावणारे दर उन्हाळ्यात भेटतात.

९. नागपुरात ससा पाहणारे डॉक्टर कुठे? आणि ते काय करतील?

सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. महाविद्यालय १९५८ पासूनचं आहे आणि आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. त्याशिवाय खाजगी दवाखाने शहरभर आहेत, पण बहुतेकांचा हात कुत्र्या-मांजरांवर बसलेला. म्हणून ससा ठणठणीत असतानाच फोन करून तीन गोष्टी विचारून ठेवा: ससे नियमित बघता का, एक्स-रे तिथेच होतो का, रात्री किंवा रविवारी कोण असतं. बारा महिन्यांत एकदा तरी हा नंबर लागतोच.

सशाच्या उपचारात वेदनाशामक, पाणी भरणं (कातडीखाली किंवा शिरेतून), ऊब आणि भरवणं या चार गोष्टी हव्यातच. आतडं हलवणारं औषध त्यानंतर, तेही अडथळा नसेल तर. नुसतं ‘ताकदीचं इंजेक्शन’ देऊन परत पाठवलं तर नम्रपणे विचारा, ‘डॉक्टर, दुखण्याचं काय दिलं?’ मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचा सशाचा डोस कुत्र्यापेक्षा बराच जास्त लागतो. कुत्र्याच्या हिशेबाने दिलं तर ते कमी पडतं. डोस मात्र डॉक्टरांनीच ठरवायचा, कारण अंगात पाणी कमी असेल तर हेच औषध मूत्रपिंडाला त्रास देतं.

नेताना शेवटचं काय, कधी खाल्लं ते कागदावर लिहा आणि सापडतील त्या लेंड्या डबीत घ्या. जोडीदार ससा असेल तर त्यालाही सोबत न्या. वेगळे वास घेऊन परतलेल्याला घरचा ससा कधी कधी ओळखत नाही आणि मारामारी होते.

१०. उन्हाळ्यात दरवर्षी खाणं कमी करतो. नॉर्मल आहे ना?

थोडं कमी होणं समजू शकतं, बंद होणं नाही. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणंही नीट जमत नाही. उष्णता सोडायला त्याच्याकडे कान आहेत, बस्स. खोली तिशीच्या वर गेली की त्याला त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेलेला आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापते दिवस, तर दरवर्षीचाच.

घरातली सर्वांत थंड खोली सशाची. वरच्या मजल्यावरची, पत्र्याची किंवा पश्चिमेच्या भिंतीची खोली नाही. कूलर कोरड्या एप्रिल-मेमध्ये उत्तम, पण झोत थेट अंगावर नको. वाळ्याच्या ताट्या कुजक्या वासाच्या झाल्या की बदला. आणि दुपारी वीज गेली की कूलर थांबतो, हे गृहीत धरूनच तयारी करा: फ्रीजरमध्ये दोन-तीन पाण्याच्या बाटल्या कायम गोठवलेल्या, गेली वीज की कापडात गुंडाळून त्याच्याजवळ. फरशीची एखादी सुटी लादी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दिली तर दुपारी तिच्यावर पसरून बसतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर हाच कूलर खोली दमट करतो आणि ते सशाला कोरड्या उन्हापेक्षा जड जातं. तेव्हा पंखा आणि उघड्या खिडक्या, परवडत असेल तर एसी.

ससा लांब पसरलाय, तोंड उघडून श्वास घेतोय, कान लालभडक, नाक ओलं, तर ऊन लागलंय. कानांना साध्या पाण्याचा ओला रुमाल लावा, पाय ओले करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्का बसतो. आणि दवाखान्यात न्या. ऑटोत नेताना कागदी खोका नको, जाळीची बास्केट आणि तळाशी गुंडाळलेली गार बाटली.

११. सगळे टिमोथी गवत घाला म्हणतात. ते इथे परवडत नाही. मग?

टिमोथी बाहेर देशातून येतं, म्हणून महाग. पण सशाला टिमोथी नको असतं, गवत हवं असतं, खाण्याच्या ८० टक्क्यांहून जास्त. आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो तीच दूर्वा, त्याला फार चालते. रस्त्याकडेची घेऊ नका, फवारणी आणि कुत्र्यांचं मूत दोन्ही असतं. ओळखीच्या शेतातली, गच्चीवर कुंडीत लावलेली उत्तम. गवत कापायच्या मशीनमधून निघालेला चुरा नको, तो तासाभरात आंबतो.

चारा विकणाऱ्यांकडून हिरवी पेंढी आणून सावलीत दोन-तीन दिवस उलटसुलट करत वाळवली की घरचं सुकं गवत तयार होतं. हिरवटपणा टिकला, वास गोड आला तर जमलं. पावसाळ्यात मात्र बुरशी बघा. काळे ठिपके किंवा खोकला आणणारी धूळ दिसली तर अख्खी पेंढी फेका. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भंडारा-गोंदियाकडून भरपूर येते, पण तिच्यात कस नाही. ती खाली अंथरायला. ज्वारीच्या कडब्याची पानं ससे कुरतडतात, जाड धांडा सोडून देतात. लसूणघासात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त. सहा महिन्यांच्या आतल्या आणि पिल्लं असलेल्या मादीला ठीक, मोठ्याला रोज दिली तर मूत्राशयात चुन्यासारखा गाळ साचतो. तोही दुखतो, आणि दुखलं की खाणं बंद.

१२. गाजर, संत्रं, पोळी, पोहे यातलं काय चालेल?

पोळी, पाव, बिस्किट, भात, चिवडा, पोहे: नाही. तर्री नसलेले पोहेही नाही. पिठूळ पदार्थ उंडुकात भलतेच आंबतात, आणि ‘एकदम खाणं बंद’ झालेल्या अनेक सशांमागे घरातल्या प्रेमळ आजोबांचा एक पोळीचा तुकडा रोजचा असतो. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट कधीच नाही. गाजर आणि संत्र्याची फोड हा खाऊ आहे, जेवण नाही: बोटाच्या पेराएवढा, आठवड्यातून दोन-तीनदा. गाजराचा आणि मुळ्याचा पाला मात्र चांगला. सांबार, पुदिना, मेथी आलटूनपालटून, पालक क्वचित. पेलेट दर किलो वजनाला दिवसाला २० ते २५ ग्रॅमच्या वर नेऊ नका. कोणतीही नवी भाजी एका वेळी एकच, थोडी.

१३. खायला धावत येतो, पण तोंडात घेऊन टाकून देतो.

हे दात. सशाचे सगळे २८ दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलिमीटर. गवत रगडूनच ते झिजतात. गवत कमी पडलं की दाढांना सुईसारखी टोकं येतात आणि ती जीभ किंवा गाल कापतात. भूक आहे, चावता येत नाही. मऊ केळं खातो, गवत सोडतो. हनुवटी ओली, पुढच्या पायांची लव चिकटलेली. समोरचे दात छान दिसले म्हणजे दाढा छान असतात असं नाही. त्या आरशाशिवाय दिसत नाहीत. डॉक्टर भूल देऊन घासतात. घरी नेलकटरने पुढचे दात कापायचे नाहीत, दात उभा चिरतो.

१४. मादी आहे, एकटीच राहते. केस उपटून घरटं करतेय आणि खात नाही.

खोटं गर्भारपण. नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये होतं, साधारण अडीच-तीन आठवड्यांत ओसरतं. घरटं मोडू नका, गवत वाढवा म्हणजे उपटलेल्या केसांसोबत तेही पोटात जाईल. खाणं पूर्ण बंद असेल तर प्रश्न १ चेच तास लागू. बाजारातून ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून आणलेली जोडी असेल तर आधी ते खरं आहे का बघा. खरं गर्भारपण महिनाभराचं असतं.

१५. फटाक्यांनंतर खाणं सोडलं. घाबरून असं होतं?

होतं. भीतीने आतडं थांबतं. दिवाळी, लग्नाचा डीजे, महाल-इतवारीत राहत असाल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक. घर बदलणं आणि जोडीदार मरणंही यातच. आतल्या खोलीत, खोक्यात लपायला जागा आणि वर जाड चादर द्या. खाणं परतलं नाही तर ‘घाबरलाय’ म्हणून थांबू नका, तास तेच.

१६. नसबंदीच्या आदल्या रात्री उपाशी ठेवा म्हणाले.

सशाला उपाशी ठेवत नाहीत. तो उलटी करू शकत नाही, म्हणून कुत्र्याचा नियम इथे लागू होत नाही. डॉक्टरांना पुन्हा विचारा. ते ठाम राहिले तर ससे करणारा दुसरा डॉक्टर शोधा. घरी आल्यावर त्याच रात्री काहीतरी खाल्लं पाहिजे, नाहीतर वेदनाशामक कमी पडतंय.

१७. बरा झाला, पण दर दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

मग आतडं हा आजार नाही, ते लक्षण आहे. मूळ दाढांत, मूत्राशयात, सांध्यांत असू शकतं. चार वर्षांपुढच्या, नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयाचा कॅन्सर बराच आढळतो, तोही तपासा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर परात ठेवून वजन घ्या आणि लिहा. वजन खाण्याच्या आधी बोलतं. एका आजारपणानंतर पहिल्या लेंड्या लहान आणि ओबडधोबड येणं मात्र ठीक. खाणं सुरू झाल्यावरही त्या नीट यायला दोन-तीन दिवस लागतात.

१८. बाजारातून आणलेलं महिन्याभराचं पिल्लू खात नाही, पातळ शी करतंय.

वाट अजिबात पाहू नका, १० तासही नाही. आईपासून फार लवकर तोडलेली पिल्लं अशीच विकली जातात. आतड्यात कॉक्सिडिया हा सूक्ष्म परजीवी असू शकतो आणि पातळ शीने पाणी काही तासांत संपतं. शी डबीत घेऊन निघा. गाईचं दूध नको. विक्रेत्याने दिलेला चारा निदान आठवडाभर तोच ठेवा, मग हळूहळू बदला.

१९. काटोल रोडच्या शेतात सशाचं पिल्लू सापडलं. दूध पीत नाही, काय भरवू?

काही नाही. ते रानससा आहे, पाळीव सशाची जात नव्हे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ते घरी ठेवता येत नाही. रानसशाची पिल्लं जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडे असलेली असतात, आई त्यांना गवतात सोडून दिवसभर लांब राहते आणि अंधारात येऊन पाजते. म्हणजे ते बहुधा हरवलेलं नाहीच. जखम नसेल तर उचललं तिथेच, झुडपाच्या सावलीत परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही. जखमी असेल, किंवा कुत्र्याने धरलं असेल, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. त्यांचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर सेमिनरी हिल्सलाच आहे. गाडी येईपर्यंत छिद्रं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, कोणालाही न दाखवता ठेवा.